जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी तिच्या कॉम्प्युटरशी बोला

सकाळचे आठ. बाणेरमधल्या एका सोसायटीचं बेसमेंट पार्किंग. समोर लाल रंगाची, २०१६ ची ऑडी टीटी. शेजारी गाडीचे मालक आणि माझा मावसभाऊ, ज्याने ही गाडी आदल्या रविवारी फोटोत बघूनच मनातल्या मनात घेऊन टाकली होती. मालकांची मागणी २४ लाख. भावाची सहा वर्षांची बचत आणि वर थोडं कर्ज.

"कालपासून स्टार्टच केलेली नाही, तुमच्यासाठीच ठेवलीय," मालक म्हणाले.

मी त्यांना विचारून स्टिअरिंगच्या खाली एक छोटा डोंगल लावला. इंजिन चालू न करता फक्त इग्निशन ऑन केलं. (ब्रेकवर पाय न ठेवता स्टार्टचं बटण दाबलं की एवढंच होतं.) फोनवर आकडा आला: कूलंट ६१ अंश. पार्किंगमधली हवा साधारण २४ अंश.

रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचं तापमान आजूबाजूच्या हवेइतकंच असतं, एखाद-दोन अंश इकडे-तिकडे. ६१ याचा अर्थ गाडी तास-दोन तासांपूर्वी चालू होती. मी काही बोललो नाही, फक्त स्क्रीनशॉट घेतला.

या लेखात गाडीचा रंग, सीटचं लेदर वगैरे गोष्टी जवळजवळ नाहीत, त्या तुम्हाला दिसतातच. मला सांगायचंय ते हे: आजची गाडी स्वतःबद्दल बरंच काही लिहून ठेवते. विकणारा त्यातलं काही पुसू शकतो, पण पुसल्याची खूण पुसणं त्याला बहुतेक वेळा जमत नाही. आणि ही खूण वाचायला तुमचा फोन पुरतो.

डोंगल म्हणजे काय?

प्रत्येक आधुनिक गाडीत डॅशबोर्डच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचा एक पोर्ट असतो. त्याला ओबीडी-२ पोर्ट म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासून तो सक्तीचा झाला. भारतात ओबीडी-२ ची सक्ती २०१३ मध्ये आली, म्हणजे त्यानंतरची कुठलीही कार चालेल. या पोर्टमध्ये ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ डोंगल लावायचा, फोनशी जोडायचा (पिन बहुतेक १२३४ किंवा ०००० असतो) आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखं अ‍ॅप उघडायचं. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डोंगल चालत नाही, ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वायफायवाला घ्यावा लागतो. अगदी स्वस्त नकली डोंगलमध्ये काही कमांड चालतच नाहीत, त्यामुळे विकत घेतल्यावर आधी स्वतःच्या किंवा मित्राच्या गाडीवर चालवून बघा. मालकासमोर "कनेक्ट होत नाहीये" करत बसलात तर तुमचंच वजन कमी होतं.

आणि हो, लावण्याआधी मालकाची परवानगी घ्याच. परवानगी नाकारली तर तेही एक उत्तरच आहे.

कोल्ड स्टार्ट का महत्त्वाचा?

थंड इंजिन खोटं बोलत नाही. टायमिंग चेनचा टेन्शनर सैल असेल तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखडाट येतो, मग ऑइल प्रेशर आलं की आवाज गायब. व्हॉल्व्ह सील गेले असतील तर रात्रभर झिरपलेलं ऑइल पहिल्या स्टार्टला निळसर धूर होऊन बाहेर पडतं. एक्झॉस्टमध्ये छेडछाड असेल तर थंड असतानाच ती सगळ्यात मोठ्याने ऐकू येते, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इंजिन तेव्हा मुद्दाम वेगळ्या टायमिंगवर, जरा जास्त आरपीएमवर चालतं. गाडी आधीच गरम करून ठेवली की यातलं बरंच झाकलं जातं.

म्हणून अपॉइंटमेंट सकाळची घ्या, "गाडी थंड ठेवा" असं आदल्या दिवशी मेसेजवर सांगा (लेखी राहतं), आणि गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे कूलंटचं तापमान आणि इनटेकच्या हवेचं तापमान शेजारी-शेजारी बघा. दोन्ही जवळपास सारखे असले की गाडी खरंच थंड आहे. डोंगल नसेल तर बॉनेटवर हात ठेवा, पण टीटीचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे, ते पटकन थंड होतं आणि फसवतं.

पुसल्याची खूण

आता मुख्य भाग. गाडीत काही बिघडलं की इंजिनचा कॉम्प्युटर एक फॉल्ट कोड साठवतो आणि मीटरवर पिवळा चेक इंजिनचा दिवा लावतो. हाच डोंगल वापरून ते कोड एका टॅपमध्ये डिलीट करता येतात. दिवा बंद, स्कॅन केलं तर "नो फॉल्ट्स". बरेच जण इथे खूश होऊन टोकन देतात.

पण कोड डिलीट केले की त्याच वेळी आणखी दोन गोष्टी शून्यावर येतात. पहिली, कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली याचा काउंटर. अ‍ॅपमध्ये तो "डिस्टन्स सिन्स कोड्स क्लिअर्ड" अशा नावाने दिसतो. (दोन बाईटचा आहे, त्यामुळे ६५,५३५ किलोमीटरच्या पुढे मोजत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असल्या गोष्टींनी उगाच आनंद होतो.) दुसरी गोष्ट म्हणजे रेडिनेस मॉनिटर. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर वगैरे भागांची गाडी स्वतःच परीक्षा घेत असते. कोड पुसले की या सगळ्या परीक्षा "इनकम्प्लीट" होतात आणि त्या पूर्ण व्हायला थंड स्टार्ट, शहरातलं चालवणं, हायवेवर एकसारख्या वेगाने काही वेळ, असं सगळं मिळून कधी कधी आठवडा जातो. कॅटॅलिस्टची परीक्षा सहसा सगळ्यात उशिरा पूर्ण होते.

मीटरवर ३८,२०० किलोमीटर असलेल्या त्या टीटीत कोड पुसल्यापासूनचं अंतर होतं ४१ किलोमीटर. कॅटॅलिस्ट मॉनिटर: इनकम्प्लीट.

इथे लगेच चोर-चोर म्हणून ओरडायचं नाही. सर्व्हिस सेंटरमध्येही बरेचदा सर्व्हिसच्या वेळी कोड क्लिअर करतात, तेव्हा शेवटच्या सर्व्हिसपासूनचं अंतर आणि हा काउंटर जुळला तर त्यात काहीच वावगं नाही. काही गाड्यांमध्ये बॅटरी काढली तरी मॉनिटर रिसेट होतात. मालकांनी तेच सांगितलं, "बॅटरी बदलली गेल्या आठवड्यात." शक्य होतं. मी म्हटलं, "बिल असेल ना सर?" बिल "कुठेतरी" होतं. बॅटरीवरचा तारखेचा स्टिकर मात्र जागेवर होता आणि त्यावर वर्ष होतं २०२१.

याच अ‍ॅपमध्ये आणखी एक आकडा बघा, लाँग टर्म फ्युएल ट्रिम. इंजिन पेट्रोलचं प्रमाण किती टक्के कमी-जास्त करून सांभाळून घेतंय, ते यातून कळतं. शून्याच्या आसपास पाच टक्के इकडे-तिकडे ठीक. सतत दहाच्या वर असेल तर कुठेतरी हवा गळतेय किंवा सेन्सर चुकतोय. आमच्या गाडीत तो दीड टक्का होता, म्हणून विषय संपला.

मीटर मागे फिरवलंय का?

साध्या डोंगलने हे पकडणं अवघड आहे. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांसाठी (ऑडी, स्कोडा, फोक्सवॅगन) वेगळी साधनं मिळतात, फोनवर चालणारं ओबीडीइलेव्हन किंवा लॅपटॉपवरचं व्हीसीडीएस. त्यांनी फक्त इंजिनच नाही, तर गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग अशी सगळी मॉड्यूल वाचता येतात. या गाड्यांची खासियत म्हणजे फॉल्ट साठवताना मॉड्यूल त्या क्षणाचे किलोमीटरही सोबत लिहून ठेवतं. मीटर ३८ हजार दाखवतंय आणि कुठल्यातरी कोपऱ्यातल्या मॉड्यूलमध्ये ७१ हजारांवरचा एक जुना फॉल्ट पडलाय, म्हणजे काय ते समजून घ्या. मीटर फिरवणारा बहुतेक मीटरच फिरवतो, प्रत्येक मॉड्यूल साफ करायचा त्याला कंटाळा येतो.

सोबत अधिकृत सर्व्हिस सेंटरची हिस्टरी मागा. व्हीआयएन नंबरवरून प्रत्येक भेटीचे किलोमीटर तिथे नोंदवलेले असतात. मालकाने स्वतः सोबत येऊन ती काढून दिली तर उत्तम.

स्पोर्ट्स कारचा खास प्रश्न: रीमॅप

फॅमिली सेडान घेताना हा प्रश्न सहसा येत नाही. टीटी ४५ टीएफएसआयमध्ये २.० लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे, कंपनीकडून २३० पीएस आणि ३७० एनएम. टर्बो गाडीत सॉफ्टवेअर बदलून ताकद बरीच वाढवता येते, त्याला स्टेज १ म्हणतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे टर्बोनंतरचा पाइप, म्हणजे डाउनपाइप बदलणं आणि त्यात बरेचदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून टाकणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे बदल करता येत नाहीत आणि अपघातानंतर इन्शुरन्स कंपनी याच मुद्द्यावर क्लेम अडवू शकते. शिवाय जास्त टॉर्कचा भार क्लचवर आणि गिअरबॉक्सवर पडतो. तो भार तीन वर्षं कुणी टाकला, हे तुम्हाला माहीतच नसतं.

मला रीमॅपचा राग नाही. राग लपवण्याचा आहे. ज्याने सांगून केलंय, बिलं ठेवली आहेत आणि ऑइल वेळेआधी बदललंय, त्याची गाडी मी "एकदम स्टॉक आहे हो" म्हणणाऱ्यापेक्षा आधी बघेन.

ओळखायचं कसं? कॅटॅलिस्ट मॉनिटर कधीच पूर्ण होत नसेल, किंवा अ‍ॅपमध्ये तो "नॉट सपोर्टेड" दिसत असेल, तर सॉफ्टवेअरमधून तो बंद केलेला असू शकतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या सिस्टीममध्ये रीमॅप सापडलेल्या गाडीवर टीडी१ असा शिक्का बसतो. तोही विचारून घ्या, कारण वॉरंटीसाठी तो शेवट असतो.

जिथे फोन उपयोगाचा नाही

गाडी लिफ्टवर चढवाच. दोन पोस्टची लिफ्ट असलेल्या, मालकाच्या ओळखीच्या नसलेल्या गॅरेजमध्ये. टीटीचं प्लॅटफॉर्म आणि इंजिन ऑक्टाव्हिया आरएसच्या घराण्यातलंच आहे, त्यामुळे स्कोडा-फोक्सवॅगन करणारा चांगला मेकॅनिक तिला ओळखतो. टीटीचं उत्पादन हंगेरीतल्या ग्योर इथे नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झालं, म्हणून बॉडीचे खास पार्ट महाग आणि वेळखाऊ, पण इंजिनचे तितके नाहीत.

लिफ्टवर तीन ठिकाणी बघायला सांगा. एक, इंजिनच्या बाजूला असलेलं थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपचं प्लास्टिकचं हाउसिंग. या इंजिनांमध्ये ते गळतं हे जगजाहीर आहे, वाळलेल्या कूलंटचे गुलाबी-पांढरट डाग शोधा. दोन, मागच्या डिफरन्शियलजवळचं हाल्डेक्स युनिट, जे क्वाट्रोमध्ये मागच्या चाकांना ताकद देतं. त्याचं ऑइल वेळेवर बदलायचं असतं, आणि पंपाची छोटी जाळी गाळाने तुंबली की पंप जळतो. मग चारचाकी ताकदीची गाडी गुपचूप दोनचाकी होते आणि मालकालाही कळत नाही. तीन, पोटावरचे ओरखडे. आपले स्पीड ब्रेकर आणि टीटीची उंची हे काही जमणारं लग्न नाही. प्लास्टिकच्या कव्हरवर घासलेलं चालेल, ऑइल पॅनवर किंवा सबफ्रेमवर ठोकलेलं नाही.

गिअरबॉक्स सहा स्पीडचा, ओल्या क्लचचा एस ट्रॉनिक. दर ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर लागतो. ट्रॅफिकमध्ये हळूहळू पुढे सरकताना हिसके, किंवा रिव्हर्सला धक्का जाणवला तर सावध व्हा.

काकालोक सांगतात, लोहचुंबक लावून बघ, पुटी भरलेली असेल तर चिकटत नाही. टीटीच्या बाहेरच्या पत्र्यावर चुंबक चिकटणारच नाही, तो अ‍ॅल्युमिनियमचा आहे. त्यासाठी रंगाची जाडी मोजणारं मीटर लागतं, आणि तेही अ‍ॅल्युमिनियमवर चालणारं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. एकच दरवाजा ३०० दाखवत असेल तर पुन्हा रंगवलाय, आकडा हजारात गेला तर खाली पुटी आहे.

पुराच्या पाण्यातली गाडी आपल्याकडे विसरून चालत नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, २०२१ मध्ये चिपळूणमध्ये कितीतरी गाड्या बुडाल्या, आणि बुडालेली गाडी सहसा जिथे बुडाली तिथे विकली जात नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, बूटमधल्या कार्पेटखाली गाळ आहे का, हे बघायला दोन मिनिटं लागतात.

कागदपत्रं, पुन्हा फोनवर

एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की कितवा मालक, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत, कर्ज कुणाचं आहे, ब्लॅकलिस्ट आहे का, हे दिसतं. थकलेले चलान परिवहनच्या ई-चलान साइटवर बघा. कर्ज फेडलंय असं मालक सांगत असेल पण आरसीवर बँकेचं नाव असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. दिल्लीची गाडी स्वस्त वाटते, पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते आणि इथे टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो धरून हिशोब करा.

एक कमी माहितीची युक्ती: इन्शुरन्स पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस वाचा. क्लेम न करता वर्षं गेली की तो २० टक्क्यांपासून वाढत ५० पर्यंत जातो, आणि क्लेम केला की सहसा शून्यावर येतो. "कधी टच पण नाही झालेली" गाडी आणि पॉलिसीवर एनसीबी शून्य किंवा वीस, तर मधे काहीतरी झालंय. (हा बोनस मालकाचा असतो, गाडीसोबत तुम्हाला मिळत नाही.)

ट्रान्स्फरसाठी फॉर्म २९ आणि ३०. विकणाराही यात टाळाटाळ करत असेल तर त्याला सांगा की कागदावर नाव त्याचं असेपर्यंत अपघाताची नुकसानभरपाई त्याच्याच गळ्यात पडू शकते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. पैसे बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही.

त्या लाल टीटीचं काय झालं?

भाऊ त्याच दिवशी पन्नास हजार टोकन द्यायला निघाला होता. "दुसरा गिऱ्हाईक दुपारी येतोय रे," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. मी म्हटलं, येऊ दे. मालकांना मी दोन्ही स्क्रीनशॉट दाखवले, आवाज न चढवता, आणि एवढंच म्हटलं की तुम्ही आठवडाभर नेहमीसारखी चालवा, आम्ही पुढच्या रविवारी येतो, काही पुसू नका.

पुढच्या रविवारी काउंटरवर ३१६ किलोमीटर होते, आणि एक कोड: पी०४२०. कॅटॅलिस्टची कार्यक्षमता कमी. मालकांनी थोडा वेळ इकडचं-तिकडचं सांगितलं आणि मग बसलेच. दोन वर्षांपूर्वी डाउनपाइप टाकला होता, सोबत रीमॅप. दिवा महिन्या-दोन महिन्यांनी लागायचा, ते पुसायचे. थंड असताना आवाज मोठा यायचा म्हणून आधी गरम करून ठेवली होती. "सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसता," ते म्हणाले. खरं सांगायचं तर बरोबर होतं, आम्ही आलो नसतो.

मूळ पाइप त्यांनी माळ्यावर ठेवला होता, जुन्या चादरीत गुंडाळून. इथे गाडी वाचली. आमच्या मेकॅनिकने तो परत बसवला, सॉफ्टवेअर कंपनीचं केलं, क्लच आणि हाल्डेक्स तपासले. खर्च मालकांचा, किंमत अडीच लाखांनी कमी, आणि अट एकच: सगळे मॉनिटर पूर्ण झाल्यावर पैसे. त्याला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत भावाने मला रोज सकाळी मेसेज केला, "झालं का कॅटॅलिस्ट?"

शेवटच्या सकाळी तो स्वतः डोंगल घेऊन गेला, मी नव्हतो. त्याने फक्त फोटो पाठवला. कूलंट २३, हवा २३. खाली लिहिलं होतं, "आता स्टार्ट करतो."